जुन्या सुमो-ट्रॅक्सला पायरी बसविताना

टाटा सुमो, ट्रॅक्स, बोलेरो, क्वालिस ही नावे महाराष्ट्रातील रस्त्यांना नवी नाहीत. १९९४ साली बाजारात आलेल्या सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, क्वालिस २००० ते २००५ एवढीच वर्षे विकली गेली. तरीही या गाड्या आजही अनेक घरांच्या अंगणात उभ्या आहेत. लग्नकार्य, देवदर्शन, शेतावरची ये-जा आणि अडीअडचणीला दवाखाना अशी सारी कामे त्यांनी केली. मात्र गाडीचे वय वाढले तसे घरातल्या माणसांचेही वाढले. ज्या आईवडिलांना घेऊन ही गाडी पंढरपूर-तुळजापूर फिरली, त्यांनाच आता तिच्यात चढणे अवघड होऊन बसते. गुडघे साथ देत नाहीत, धरायला काही सापडत नाही. मग 'तुम्हीच जाऊन या, मी घरी थांबते' असे उत्तर येऊ लागते. अशा वेळी नवी गाडी घेणे हा एकच उपाय नसतो. दाराखाली नीट बसविलेली एक पायरी पुष्कळ काम करते. परंतु ती चुकीची बसविली तर सोयीऐवजी अपघाताला निमित्त होते. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर माहिती घेणे उपयुक्त ठरेल.

पायरीचा पूर्वेतिहास

मोटारीला पायरी असणे ही काही नवी कल्पना नव्हे. बग्गी आणि टांगा यांना चढण्यासाठी लोखंडी पायदान असेच. सुरुवातीच्या मोटारीही जमिनीपासून उंच होत्या. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या मडगार्डला जोडणारी लांब फळी दाराखाली बसविण्याची पद्धत पडली. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'ला अशी फळी होती. पुढे मोटारी बुटक्या झाल्या, त्यांचे अंग चाकांच्या बाहेरच्या कडेपर्यंत रुंदावले आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून ही फळी नाहीशी होऊ लागली. फोक्सवॅगनच्या जुन्या 'बीटल'ने मात्र तिची खूण २००३ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत जपली. खडबडीत रस्त्यांसाठी बनविलेल्या उंच गाड्यांमुळे पायरी पुन्हा आली. आपल्याकडे तिला फूटबोर्ड, फूटस्टेप, साइड स्टेप किंवा साधे पायदान म्हणतात.

अडचण नेमकी कोठे आहे

घरातील जिन्याची पायरी साधारण १५ ते १९ सेंटिमीटर उंच असते. बसावयाच्या खुर्चीची उंची सुमारे ४५ सेंटिमीटर असते. आता आपल्या गाडीच्या दाराचा उंबरा जमिनीपासून किती उंच आहे ते टेप लावून मोजावे. तो ६० सेंटिमीटरच्या आसपास निघाला, तर चढणाऱ्या व्यक्तीला खुर्चीच्या बैठकीपेक्षाही वर एकाच दमात पाय टाकावा लागतो आणि त्याच पायावर सारे शरीर उचलावे लागते. सांधेदुखी असलेल्या व्यक्तीला हे कसे जमणार?

उतरणे तर चढण्याहून कठीण. उतरताना मांडीच्या स्नायूंना शरीराचा भार सावकाश खाली सोडावा लागतो आणि गुडघ्यावर ताण येतो. स्नायू दुबळे असतील तर शेवटच्या काही सेंटिमीटरांत माणूस अक्षरशः खाली 'पडतो'. तोल जातो तो बहुधा येथेच. म्हणून पायरीचा विचार उतरणाऱ्याच्या बाजूने आधी करावा.

एक पैसाही खर्च करण्यापूर्वी पुढील चाचणी घ्यावी. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढावा. दाराजवळ न डगमगणारी लाकडी पेटी किंवा फळ्यांचा भक्कम थर ठेवावा. ज्यांच्यासाठी पायरी करावयाची आहे त्या व्यक्तीला आधार देऊन वेगवेगळ्या उंचीवरून चढू-उतरू द्यावे. कोणत्या उंचीला चेहऱ्यावरचा ताण जातो ते पाहावे आणि तेच माप लिहून ठेवावे. हे माप बाजारातील कोणत्याही तयार पायरीच्या मापापेक्षा महत्त्वाचे आहे.

उंची, रुंदी आणि रस्ता

पायरी जितकी खाली तितके चढणे सोपे. पण ती जितकी खाली तितका गतिरोधकाला, दगडाला आणि घाटातील खळग्याला घासण्याचा धोका अधिक. या दोहोंमध्ये मध्यम मार्ग काढावा लागतो. उदाहरणादाखल, उंबरा ६४ सेंटिमीटर उंच असेल आणि पायरी ३६ सेंटिमीटरवर बसविली, तर चढण ३६ आणि २८ अशा दोन टप्प्यांत विभागली जाते. पहिला टप्पा अजूनही घरच्या पायरीच्या दुप्पट आहे, पण ६४ च्या तुलनेत तो पुष्कळच सुसह्य होय.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावयास हवा. प्रत्यक्षात गावोगावी याहून अरुंद आणि उभे गतिरोधक आढळतात. दोन चाकांच्या मधोमध असलेला भाग नेमका त्यांच्या माथ्यावर येतो आणि पायरीही तेथेच असते. म्हणून मोजमाप रिकाम्या गाडीचे घेऊ नये. सर्व आसने भरून, मागे सामान ठेवून, जुन्या पाट्यांची स्प्रिंग किती दबते ते पाहूनच उंची ठरवावी. पायरीचा तळ शेजारच्या चॅसीच्या किंवा सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या भागापेक्षा खाली जाऊ नये, हा साधा नियम पाळल्यास बहुतेक अडचणी टळतात.

रुंदीबाबतही असाच तोल सांभाळावा लागतो. १० सेंटिमीटर रुंदीच्या गोल पाइपवर केवळ चवडा टेकतो. तरुणाला ते पुरते, वृद्धाला नाही. पाऊल निदान दोन-तृतीयांश टेकेल अशी १८ ते २० सेंटिमीटरची सपाट जागा मिळाल्यास पाय स्थिर राहतो. त्यासाठी पायरी बाहेर काढण्याऐवजी तिचा काही भाग उंबऱ्याखाली आत सरकवावा. फार बाहेर आलेली पायरी अरुंद गल्लीत दुचाकीस्वाराच्या पायाला लागते आणि उतरणाऱ्याच्या पोटरीला ओरखडते. पायरीची बाहेरची कड टायर व आरशाच्या बाहेर जाता कामा नये.

बैठक कोठे धरावी

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, आणि घाईत दुर्लक्ष होते तेही याकडेच. सुमो, ट्रॅक्स, बोलेरो यांसारख्या गाड्यांची रचना शिडीसारख्या भक्कम चॅसीवर वेगळी बॉडी ठेवलेली असते. बॉडी आणि चॅसी यांच्यामध्ये रबरी बुश असतात. खड्ड्यातून जाताना दोन्ही भाग एकमेकांच्या तुलनेत किंचित हलतात. म्हणून पायरी चॅसीला जोडावी किंवा बॉडीला, पण अर्धी एकीला आणि अर्धी दुसरीला जोडू नये. तशी जोडल्यास काही महिन्यांत वेल्डिंगला तडे जातात किंवा बॉडीचा पत्रा फाटतो. वजन पेलण्याच्या दृष्टीने चॅसीचीच बैठक योग्य.

मारुती ओम्नीची गोष्ट निराळी. १९८४ पासून २०१९ पर्यंत बनलेल्या या व्हॅनला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. तिचा उंबरा फारसा उंच नाही, पण पुढचे चाक दाराच्या अगदी लगत येत असल्याने पुढे पायरीला जागाच राहत नाही. मागील सरकत्या दाराखाली पायरी करावयाची तर दाराचा रूळ व चाकी मोकळी ठेवावी लागतात. शिवाय जुन्या ओम्नीच्या उंबऱ्याचा पत्रा आतून गंजलेला असणे शक्य असते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तो ठोकून पाहावा. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला, तर आधी गंज काढून पत्रा बदलणे आवश्यक. कुजलेल्या पत्र्यावर पायरी बसविणे म्हणजे भुसभुशीत भिंतीत खुंटी ठोकणे होय.

वजनाचे गणित एकदा करून पाहणे उद्बोधक ठरेल. ९० किलो वजनाची व्यक्ती चॅसीपासून २० सेंटिमीटर अंतरावर पायरीच्या एका टोकाला उभी राहिली असे समजू. तिचा बहुतेक भार जवळच्या एकाच ब्रॅकेटवर येतो. ब्रॅकेटचे वरचे आणि खालचे बोल्ट एकमेकांपासून ६ सेंटिमीटर अंतरावर असतील, तर वरच्या बोल्टवरील ओढ सुमारे ३०० किलोग्रॅम-वजनाइतकी होते. हेच अंतर १२ सेंटिमीटर केले तर ओढ निम्म्यावर, म्हणजे १५० वर येते. झटक्याने पाय टाकल्यास हे आकडे दीडपटीने वाढू शकतात. यावरून दोन गोष्टी कळतात. ब्रॅकेट उंच असावे आणि ते पातळ पत्र्याला कधीही जोडू नये.

दीड-पावणेदोन मीटर लांबीच्या पायरीला किमान तीन ब्रॅकेट असावेत आणि त्यांपैकी दोन टोकांच्या जवळ यावेत. चॅसीच्या उभ्या पट्ट्यात कंपनीने ठेवलेली भोके सापडल्यास तीच वापरावीत. ती नसतील तर चॅसीला कवेत घेणारा क्लॅम्प किंवा यू-बोल्ट वापरावा. चॅसीच्या वरच्या व खालच्या आडव्या पट्ट्यांना नवे भोक पाडणे टाळावे. वाकण्याचा ताण या पट्ट्यांवर सर्वाधिक असतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. चॅसीवर थेट वेल्डिंगही करू नये. क्लॅम्प लावताना ब्रेकची नळी, डिझेलची नळी किंवा वायरिंग त्याखाली दबत नाही याची खात्री करावी.

साहित्याची निवड

सामान्य फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळणारा चौकोनी लोखंडी पाइप आणि वर चेकर्ड पत्रा ही जोडी भक्कम, स्वस्त आणि कोठेही दुरुस्त होणारी आहे. पाइपच्या भिंतीची जाडी २.५ ते ३ मिलिमीटर असावी. पाइपची टोके बंद करावीत आणि खालच्या बाजूस पाणी निथळण्यासाठी लहान भोके ठेवावीत. अन्यथा पाइप आतून सडतो आणि बाहेरून रंग मात्र चकचकीत दिसत राहतो. रेड ऑक्साइडचा हात देऊन वर रंग लावणे ही किमान गरज. किनारपट्टीच्या भागात गॅल्व्हनायझिंग करून घेतल्यास अधिक चांगले.

अॅल्युमिनियमची पायरी हलकी असते व तिला लोखंडासारखा गंज चढत नाही. परंतु अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकून खाऱ्या ओलाव्यात राहिले तर अॅल्युमिनियम झिजते. रत्नागिरी, मालवण, गोवा या पट्ट्यात अशी पायरी लावताना दोन्ही धातूंमध्ये रबर किंवा नायलॉनची चकती घालावी. चकाकणारा स्टीलचा गोल पाइप दिसावयास देखणा, पण पावसात ओल्या चपलेखाली तो अत्यंत निसरडा होतो. वृद्धांसाठी तो घेऊ नये. प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या तयार पायऱ्या घेताना आत धातूचा सांगाडा आहे की नाही ते उलटून पाहावे. काही पायऱ्या केवळ शोभेसाठी असतात व त्यांवर उभे राहणे अपेक्षितच नसते.

पृष्ठभाग खरखरीत हवा. चेकर्ड पत्र्यावर रबरी पट्टी किंवा वाळूदार चिकटपट्टी लावावी आणि बाहेरची कड पिवळ्या वा पांढऱ्या रंगाने ठळक करावी. अंधूक दिसणाऱ्या डोळ्यांना ही कड मोठा आधार देते. कोपरे गोल घासून घ्यावेत, बोल्टची टोके वर येऊ देऊ नयेत. साडीचा काठ, धोतराचा सोगा अडकण्याची जागा नेमकी तीच असते.

प्रत्यक्ष बसविताना

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड किंवा उटी लावावी. खाली काम करावयाचे असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, पक्क्या टेकूंचा आधार घ्यावा. जवळपास कोठेही वेल्डिंग होणार असेल तर बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. डिझेलची टाकी किंवा सीएनजीची नळी ज्या बाजूस असेल तेथे गाडीवर वेल्डिंग न करता सुटे भाग बाहेर जोडून आणावेत आणि गाडीला फक्त बोल्टने बसवावेत.

आधी ब्रॅकेट सैल लावून पायरी टेकवावी. सर्व दारे उघडून-मिटून पाहावीत. जुन्या गाडीची दारे बिजागरीवर ओघळलेली असतात, म्हणून दाराचा तळ व पायरी यांत निदान अडीच-तीन सेंटिमीटर अंतर ठेवावे. जॅक लावण्याची जागा झाकली जाता कामा नये. सायलेन्सर जवळून जात असेल तर रबर वितळणार नाही इतके अंतर ठेवावे. पुढचे चाक पूर्ण वळवून टायर पायरीला घासत नाही हेही पाहावे.

बोल्ट ८.८ दर्जाचे, १० मिलिमीटर व्यासाचे घ्यावेत. डोक्यावर हा आकडा उठविलेला असतो. नट नायलॉकचे असल्यास खडबडीत रस्त्यावर सैल होत नाहीत. सारे बोल्ट आवळल्यावर एका धडधाकट माणसाने पायरीच्या टोकाला, अगदी बाहेरच्या कडेवर उभे राहून हलकेच भार द्यावा. पायरी किंचित लवली तरी चालेल, पण उतरल्यावर ती पूर्ववत जागेवर आली पाहिजे. टेपने आधीचे व नंतरचे माप घेऊन पाहावे. फरक राहिला तर ब्रॅकेट कमकुवत आहे असे समजून काम पुन्हा करून घ्यावे.

दांडा नसेल तर पायरी अपुरी

पाय टेकला तरी हात मोकळा असेल तर तोल सावरत नाही. म्हणून पायरीसोबत धरावयाचा दांडा हवाच. तो दाराच्या खांबाच्या आतील बाजूस, छातीच्या उंचीला असावा. उघडे दार किंवा काचेची चौकट हा आधार नव्हे, दार हलते. पुष्कळ गाड्यांत अशा दांड्यासाठी कंपनीने आटे पाडून ठेवलेले असतात. ते शोधून त्यांतच दांडा आवळावा. आसनाच्या कापडी पट्ट्याला लटकणे टाळावे.

चढताना बरा पाय आधी वर आणि उतरताना दुखरा पाय आधी खाली, ही व्यायामोपचारतज्ज्ञांची शिकवण येथेही लागू पडते. उतरताना गाडीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी दांडा धरून उतरावे. दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात असे तीन आधार कायम राहिले तर पडण्याचे भय पुष्कळ कमी होते.

एकाच बाजूस पायरी करावयाची असेल तर ती डावीकडे करावी. आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने असल्याने प्रवासी तिकडूनच रस्त्याच्या कडेला सुरक्षित उतरतात. मागील दारातून चढावयाची आसने असतील तर मागेही छोटी पायरी करता येते. मात्र तिने नंबरप्लेट आणि मागील दिवे झाकले जाऊ नयेत.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. वाहनांच्या पुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये बंदीचे निर्देश दिले होते. म्हणून शक्य असेल तेथे त्याच मॉडेलसाठी उत्पादकाने दिलेली पायरी घ्यावी. स्थानिक बनावटीची करावयाची तर आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हा वाहन तपासले जाते. त्या वेळी वाद नको.

याच कायद्याचे कलम १२३ अधिक महत्त्वाचे आहे. पायरीवर, टपावर किंवा बॉनेटवर बसून वा उभे राहून प्रवास करण्यास आणि तसा करू देण्यास त्यात मनाई आहे. पश्चिम महाराष्ट्रातील वडाप, इतरत्र काळी-पिवळी या नावाने धावणाऱ्या जीप-ट्रॅक्सच्या पायरीवर लोंबकळणारी माणसे आपण पाहिलेली आहेत. वरचे गणित आठवावे. एका माणसासाठी, उभ्या गाडीत, क्षणभर चढण्यासाठी केलेली पायरी चालत्या गाडीत चार माणसे पेलण्यासाठी नसते. घरच्या गाडीलाही जत्रेच्या दिवशी हाच मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा.

देखभाल आणि पर्याय

पायरी बसविल्यावर साधारण ५०० किलोमीटरनंतर सारे बोल्ट पुन्हा आवळावेत. पावसाळा संपला की दसऱ्याला गाडी धुताना पायरीखालचा चिखल काढून वेल्डिंगचे सांधे पाहावेत. गंजाची बारीक रेघ दिसली तर ती तडाही असू शकते. रबरी पट्टी गुळगुळीत झाली की लगेच बदलावी.

गाडी फार जुनी असेल, पत्रा खराब असेल किंवा वापर क्वचितच असेल, तर रुंद बैठकीचे, खाली रबर लावलेले भक्कम लाकडी स्टूल गाडीत ठेवणे हाही एक चांगला उपाय आहे. १८-२० सेंटिमीटर उंचीचे स्टूल आणि गाडीवरील पायरी असे दोन्ही मिळून ६४ सेंटिमीटरची चढण तीन लहान टप्प्यांत विभागता येते. त्यासाठी सोबत एक माणूस लागतो, आणि ते स्टूल रस्त्यावर विसरून जाऊ नये एवढे भान.

पायरीचे काम झाल्यावर पहिल्यांदा चढण्याचा मान ज्यांच्यासाठी ती केली त्यांना द्यावा. घाई करू नये, मागून ढकलू नये, फक्त हात जवळ ठेवावा. त्यांनी दोनदा चढून-उतरून 'जमतंय' असे म्हटले की काम पूर्ण झाले असे समजावे. न जमल्यास पायरी दोन सेंटिमीटर खाली-वर करण्याची सोय ब्रॅकेटमध्ये लांबट भोके ठेवून आधीच करून ठेवलेली बरी.